आजारपण आणि घराचा चार्ज



माझी ओळख थोडक्यात सांगतो. आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये तेहतीस वर्षं नोकरी केली आणि २०१३ साली कर्नल म्हणून निवृत्त झालो. मूळ गाव सातारा जिल्ह्यात. पण शेवटचं पोस्टिंग बंगळूरला होतं, हवा मानवली, म्हणून आम्ही दोघं इथेच हेण्णूर भागात राहिलो. मुलगी लग्न होऊन सिंगापूरला असते. माझं वय आता सहासष्ट.

मी डॉक्टर नाही, विम्याचा एजंट नाही, म्युच्युअल फंडाशी माझा संबंध गुंतवणूकदार म्हणून आहे तेवढाच. या विषयावर बोलायचा माझा अधिकार एकच, मी पेशंट होतो. आणि आजारी पडायच्या आधी जे करायला हवं होतं, ते मी केलेलं नव्हतं.

आमच्या कोअरचं काम म्हणजे रसद. लडाखमध्ये खिंडी बर्फानं बंद व्हायच्या आधी पुढच्या चौक्यांवर कित्येक महिन्यांचं रेशन, रॉकेल, औषधं पोचवावी लागतात. त्याला आम्ही ‘ॲडव्हान्स विंटर स्टॉकिंग’ म्हणतो. नियम साधा असतो: यादी उन्हाळ्यात करायची. बर्फ पडल्यावर यादी करून काही उपयोग नाही. हे मी शेकडो लोकांना शिकवलं. स्वतःच्या घराची यादी मात्र कधी केली नाही.

आता त्या रात्रीची गोष्ट सांगतो. सप्टेंबर २०२२. त्या आठवड्यात बंगळुरात पूर आला होता. बेलंदूर, मारतहळ्ळीकडे रस्त्यांवरून ट्रॅक्टर आणि बोटी फिरत होत्या, तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. रात्री एकच्या सुमारास माझं पोट फुगून दगडासारखं झालं, उलट्या थांबेनात. कमांड हॉस्पिटलला जायचं तर ओल्ड एअरपोर्ट रोडपर्यंत पोचायची खात्री नव्हती, म्हणून शेजाऱ्यांनी जवळच्या एका खाजगी रुग्णालयात नेलं. आतडं बंद पडलं होतं, लगेच ऑपरेशन करावं लागणार होतं. काउंटरवर सांगितलं, दीड लाख अनामत भरा.

पैसे होते. बँकेत होते, एफडीत होते, फंडात होते. पण सगळ्याच्या किल्ल्या माझ्याकडे. एटीएमचा पिन माझ्या डोक्यात, फोनचं कुलूप माझ्या बोटावर. मी स्ट्रेचरवर कण्हत असताना माझ्या पत्नीनं माझा अंगठा धरून फोनवर टेकवला. फोन उघडला. पुढे यूपीआयचा पिन हवा. मी तो सांगितला, पण तिला नीट ऐकू आलं नाही. तीनदा चुकला आणि पिन बंद झाला. बरोबर असता तरी एका दिवसात लाखाच्या वर रक्कम गेलीच नसती, तेव्हाची मर्यादा तेवढीच होती. रुग्णालयासाठी ती पाच लाख झाली डिसेंबर २०२३ च्या निर्णयानंतर. शेवटी शेजाऱ्यानं स्वतःचं कार्ड दिलं. एका कर्नलच्या बायकोनं रात्री दोन वाजता शेजाऱ्याकडे पैसे मागितले.

ऑपरेशन झालं. मोठ्या आतड्याचा कर्करोग निघाला. पोटाला तात्पुरती पिशवी लावली. दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आलो तेव्हा नाकात नळी होती, पोटाला टाके होते. तुम्हाला वाटेल, मी मरणाचा विचार करत असेन. खरं सांगतो, माझ्या डोक्यात लॉकरची किल्ली होती. ईसीएचएसचं कार्ड कुठल्या पाकिटात आहे? एफडीवर नॉमिनी लावलाय का? मुलगी सिंगापूरहून फोनवर आईला विचारत होती आणि आई सांगत होती, “कपाटात असेल बघ.” मला बोलता येत नव्हतं. दुखण्यावर इंजेक्शन होतं, या घोरावर नव्हतं.

ईसीएचएस म्हणजे माजी सैनिकांची अंशदायी आरोग्य योजना, २००३ पासून सुरू असलेली. तिचा एक नियम असा की, तातडीच्या वेळी यादीबाहेरच्या रुग्णालयात दाखल व्हावं लागलं तर ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवायचं. मला नियम माहीत होता, मी बेशुद्ध होतो. पत्नी शुद्धीत होती, तिला माहीत नव्हता. आमच्या गल्लीत मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले एक सुभेदार मेजर साहेब राहतात, बेळगावकडचे. ते भेटायला आले आणि आल्या आल्या विचारलं, “मॅडम, पॉलिक्लिनिकला कळवलंत का? अठ्ठेचाळीस तास असतात.” तेव्हा चाळीस तास होऊन गेले होते. साहेबांनी स्वतः तिला बरोबर नेलं. त्यांच्या घरात एक लाल फाइल आहे, तिच्यात योजनेचा एकेक कागद क्रमानं लावलेला. पद माझं मोठं होतं, शहाणपण त्यांचं.

तीन दिवसांनी मला कमांड हॉस्पिटलला हलवलं. पुढचे केमोचे उपचार तिथेच झाले. खाजगी रुग्णालयाच्या बिलातले काही पैसे मिळाले, सगळे नाही, कारण परतावा सरकारी दरानं मिळतो. पैशाचं नुकसान सोसण्यासारखं होतं. पण ते चाळीस तास माझ्या पत्नीच्या वयातून गेले, ते परत मिळत नाहीत.

केमो सुरू व्हायच्या आधी डॉक्टर दुष्परिणाम समजावून सांगतात: मळमळ होईल, बोटांना मुंग्या येतील, थकवा येईल. गेल्या काही वर्षांत कर्करोगतज्ज्ञ आणखी एक दुष्परिणाम मानायला लागले आहेत. त्याला ते ‘फायनान्शियल टॉक्सिसिटी’ म्हणतात. मी त्याला पैशाची विषबाधा म्हणतो. या विषबाधेत पेशंट गोळी अर्धी करून घेतो, तपासणीची तारीख पुढे ढकलतो, घरच्यांशी खोटं बोलतो की बरं वाटतंय. आपल्या देशात आरोग्यावरच्या एकूण खर्चातला किती भाग लोक थेट खिशातून भरतात? सरकारी आकडेवारीप्रमाणे २०१३-१४ मध्ये ६४ टक्के होता, २०२१-२२ मध्ये ३९ टक्क्यांवर आला. सुधारणा मोठी आहे. तरी त्या वर्षीही शंभरातले एकोणचाळीस रुपये आपल्या पाकिटातून जात होते.

आता अर्थसाक्षरता म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर शेअर बाजार येतो. आजारपणात लागणारी अर्थसाक्षरता वेगळी असते. तिच्यात पाच प्रश्नांची उत्तरं येतात. आपल्याकडे काय आहे? ते कुठे आहे? ते कोणाला काढता येतं? आपलं संरक्षण कुठे संपतं? आणि कुठल्या खर्चातून आपल्याला नक्की काय मिळणार आहे? ही उत्तरं ज्या घरात दोन माणसांना माहीत असतात, त्या घरातला पेशंट शांत झोपतो. फरक एवढाच. पण आजारी माणसाला झोप म्हणजे काय, हे ज्याला येत नाही त्याला विचारा.

तीन घरांची उदाहरणं सांगतो.

पहिलं घर माझ्या मेहुण्याचं, पुण्याला. चांगली नोकरी, पाच लाखांचा विमा. मणक्याचं ऑपरेशन ठरलं. पॉलिसीत खोलीभाडं रोज पाच हजारांपर्यंत, असं लिहिलं होतं. त्यानं दहा हजारांची खोली घेतली. हिशेब केला की आठ दिवस, रोज पाच हजार जादा, म्हणजे चाळीस हजार आपण भरू. बिल झालं चार लाख. कंपनीनं दिले दोन लाख साठ हजार. त्याला वाटलं फसवणूक झाली. झाली नव्हती. खोली मर्यादेच्या दुप्पट घेतली की कंपनी खोलीबरोबर सर्जनची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग हे खर्चही निम्मे धरते. खोलीचे ऐंशी हजार होते, त्यातले चाळीस मिळाले. सर्जन वगैरेंचे दोन लाख होते, त्यातले एक लाख मिळाले. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांचे एक लाख वीस हजार पूर्ण मिळाले, कारण त्यांना ही कपात लावता येत नाही. बेरीज करून बघा. पॉलिसीत ते एका ओळीत लिहिलेलं होतं. ती ओळ वाचायला दहा मिनिटं लागली असती आणि एक लाख वाचले असते. तो महिनाभर पाठीवर पडून होता आणि त्या महिन्यात त्यानं भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला पाठीबद्दल कमी आणि विमा कंपनीबद्दल जास्त सांगितलं. वहिनी मला म्हणाल्या, “भावोजी, ऑपरेशन चांगलं झालं, पण यांना त्याचा आनंद घेताच आला नाही.”

विम्याबद्दल अजून थोडं. २०२४ पासून काही नियम ग्राहकाच्या बाजूनं बदलले आहेत. आधीपासून असलेल्या आजारांसाठी थांबण्याची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं. सलग पाच वर्षं हप्ते भरले की, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, ‘तुम्ही माहिती लपवली’ म्हणून कंपनीला दावा नाकारता येत नाही. पासष्टीनंतर नवा विमा मिळतच नाही, हीही आता जुनी गोष्ट झाली. पण एजंट म्हणाला, “सर, शुगर लिहू नका, हप्ता वाढेल,” तर त्याचं ऐकू नका. शुगर लिहा. आणि दावा नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिन्याभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे जा. मुंबई, पुणे, बंगळूर, तिन्ही ठिकाणी कार्यालयं आहेत. फी लागत नाही, वकील लागत नाही, पन्नास लाखांपर्यंतची प्रकरणं तिथे चालतात. माझ्या ओळखीच्या शिकलेल्या दहा लोकांना मी विचारलं, लोकपाल माहीत होता दोघांना.

दुसरं घर आमच्या इमारतीत स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंचं. बिदरकडच्या, घरी मराठी बोलतात, शाळा सातवीपर्यंत. नवरा रंगकाम करायचा, त्याला बायपास सांगितली. या बाईंनी बचत गटाच्या बैठकीत ऐकलं होतं की बीपीएल कार्डावर आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात, फक्त तातडीची वेळ नसेल तर आधी सरकारी दवाखान्याची चिठ्ठी लागते. त्यांनी चिठ्ठी घेतली, कार्ड, आधार आणि रिपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत घातले आणि जयदेव हॉस्पिटल गाठलं. कोणाकडे कर्ज मागितलं नाही, मंगळसूत्र गहाण टाकलं नाही. मी त्याला भेटायला गेलो तेव्हा तो उशीला टेकून मुलाच्या दहावीबद्दल बोलत होता. मला माझा पलंग आठवला.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. ज्ञान म्हणजे पैसा नाही. त्या घरात तीन महिने रंगकामाची मजुरी आली नाही, तिची भरपाई कुठल्या योजनेत नव्हती. गरीब माणूस आजारपणात बुडाला तर ‘त्याला अर्थसाक्षरता नव्हती’ असं म्हणणं सोपं आहे आणि बहुतेक वेळा अन्यायाचं आहे. पण जे हक्काचं आहे ते माहीत नसल्यामुळे गमवावं लागू नये, एवढं तरी आपण करू शकतो. तुमच्या घरी काम करणाऱ्या बाईंना, ड्रायव्हरला, वॉचमनला कार्ड काढलंय का, हे विचारा. घरात सत्तरीच्या पुढचं कोणी असेल तर ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेलं आयुष्मान वय वंदना कार्ड उत्पन्नाच्या अटीशिवाय आहे. तुमच्या राज्यात, तुमच्या जवळच्या कुठल्या रुग्णालयात ते चालतं, हे आजच विचारून ठेवा.

तिसरं घर माझ्या एका कोर्समेटचं. त्याचं नाव सांगत नाही. कर्करोग पसरलेला होता. आम्ही फौजी लोक, ‘शेवटच्या गोळीपर्यंत लढायचं’ हेच शिकलेलो. योजनेत न बसणारं एक महागडं औषध कोणीतरी सुचवलं. त्यानं क्रेडिट कार्डावर उचल केली. कार्डाचं व्याज महिन्याला तीन-साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला चाळीसच्या आसपास. बँकेत एफडी पडून होती, तिच्यावर कर्ज घेतलं असतं तर एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्केच जास्त पडले असते. कार्ड फेडायला मग फ्लॅट घाईत विकला, अर्थातच पडत्या भावानं. त्या औषधानं नक्की काय होणार, हे मात्र कोणी विचारलंच नाही. विचारणं म्हणजे हार मानणं, असं सगळ्यांना वाटलं. तो साडेतीन महिन्यांत गेला, त्यातले बरेच दिवस अतिदक्षता विभागात, काचेपलीकडे. वहिनी आज भाड्याच्या घरात राहतात. त्या मला एकदा म्हणाल्या, “घर गेल्याचं दुःख नाही. त्यांच्याशी बोलायचं राहिलं.”

सैन्याच्या पुस्तकात चढाई आहे, संरक्षण आहे आणि माघारही आहे. माघार हीसुद्धा एक युद्धक्रिया म्हणून शिकवली जाते. तिचीही योजना असते आणि ती वेळेवर घेतली तर माणसं वाचतात. उपचारांचंही तसंच असतं. महागडा उपचार सुचवला की डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा, नम्रपणे, पण विचारा. यानं आजार बरा होईल, आयुष्य वाढेल की त्रास कमी होईल? साधारण किती? आणि हे केलं नाही तर काय होईल? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. औषधाचं त्याच घटकाचं स्वस्त रूप मिळतं का, हेही विचारा. २०१९ मध्ये सरकारनं कर्करोगाच्या ४२ औषधांवरचा व्यापारी नफा ३० टक्क्यांवर बांधून दिला, तेव्हा अनेक औषधांच्या किमती खाली आल्या. जनऔषधी केंद्रं आहेत. विचारायला पैसे पडत नाहीत.

आणि आजार बरा होणार नाही असं ठरलं, तरी करण्यासारखं खूप असतं. आमच्या बंगळुरात मारतहळ्ळीजवळ ‘करुणाश्रय’ आहे. कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांसाठी १९९९ पासून चालतं, रुग्णाकडून एक पैसा घेत नाही. वेदना कमी करणं, जखमा स्वच्छ ठेवणं, घरच्यांना जवळ बसू देणं, हे त्यांचं काम. आमच्या कॉलनीतल्या एका आजींचे शेवटचे तीन आठवडे तिथे गेले. बाहेर झाडं होती, नातू शेजारी बसून चित्रं काढत होता. अशी जागा आहे हे माहीत असणं, ही माझ्या मते अर्थसाक्षरताच आहे, कारण नाहीतर तेच तीन आठवडे घर विकून काचेमागे काढता येतात.

याच संदर्भात वैद्यकीय इच्छापत्र. सर्वोच्च न्यायालयानं ९ मार्च २०१८ ला त्याला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. कर्नाटक सरकारनं जानेवारी २०२५ मध्ये त्याच्या अंमलबजावणीचं परिपत्रक काढलं. आम्ही दोघांनी ते केलंय. लिहिताना पत्नीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण सही झाल्यावर तीच म्हणाली, “चला, एक ओझं उतरलं. चहा टाकते.”

आता आम्ही काय केलं ते सांगतो.

सैन्यात बदली झाली की अधिकारी उठून निघून जात नाही. हँडिंग-टेकिंग ओव्हर होतं. सामान मोजून दाखवायचं, कागद दाखवायचे, अडचणी सांगायच्या, दोघांनी सही करायची, मगच पुढचा माणूस चार्ज घेतो. मी आयुष्यात पंधरा-सोळा वेळा चार्ज दिला. घराचा एकदाही दिला नव्हता. केमोच्या चौथ्या फेरीनंतर मी हे बोलून दाखवलं, तेव्हा पत्नी शांतपणे म्हणाली, “अहो, तुम्ही मला सगळी वर्षं सांगत आलात, ‘तू काळजी करू नकोस.’ मला त्याचा अर्थ कळायचा, ‘तू विचारू नकोस.’”

मंडळी, मला वाटायचं मी तिला सुखात ठेवतोय. खरं म्हणजे मी तिला अंधारात ठेवलं होतं, प्रेमानं.

त्यानंतर दर रविवारी सकाळी नाश्त्यानंतर एक तास चार्जचा. पहिल्या रविवारी खाती. सगळी दोघांच्या नावावर केली, ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ पद्धतीनं, म्हणजे कोणालाही एकट्याच्या सहीनं काढता येतं. दुसऱ्या रविवारी नॉमिनी. इथे एक गैरसमज काढून टाका. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबत सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. नॉमिनीला पैसे हातात मिळतात, पण हक्क इच्छापत्राप्रमाणे किंवा वारसा कायद्याप्रमाणे ठरतो. म्हणून नॉमिनी लावा आणि इच्छापत्रही करा.

तिसऱ्या रविवारी खरा धक्का बसला. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची पद्धत. पत्नीच्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, माझ्या पेन्शनच्या कागदावर सासरचं, आधारवर सासरचंच पण स्पेलिंग वेगळं, आणि जन्मतारखेत एका वर्षाचा फरक. म्हणजे त्या सप्टेंबरमध्ये मी गेलो असतो, तर फॅमिली पेन्शनसाठी तिला आधी ती माझी बायको असल्याचं सिद्ध करत फिरावं लागलं असतं. चाळीस वर्षांच्या संसारानंतर! ते सगळं दुरुस्त करायला पाच महिने गेले. प्रतिज्ञापत्र, गॅझेट, चकरा. पण चकरा मी जिवंत असताना मारल्या, तिला एकटीला माराव्या लागल्या नाहीत. तुमच्या घरातले कागद आज रात्री शेजारी ठेवून बघा. दहातल्या कितीतरी घरांत हे सापडेल.

मग एक महिना मी काहीच करायचं नाही, सगळं तिनं करायचं, असं ठरवलं. वीजबिल, कार्डाचं बिल, एफडीचं नूतनीकरण, नोव्हेंबरचा हयातीचा दाखला, जो आता फोनवर चेहरा दाखवूनही देता येतो. तिनं दोन चुका केल्या. मी नोकरीच्या पहिल्या महिन्यात यापेक्षा जास्त केल्या होत्या. आता आमच्याकडेही लाल फाइल आहे, सुभेदार मेजर साहेबांसारखी. पहिल्या पानावर फोन नंबर, दुसऱ्या पानावर ‘पहिल्या ४८ तासांत काय करायचं.’ पासवर्ड फाइलमध्ये लिहिलेले नाहीत, ते बंद पाकिटात वेगळ्या ठिकाणी आहेत. मुलीला जागा माहीत आहे. आणि एका वेगळ्या खात्यात दोन लाख रुपये आहेत, त्यांचं कार्ड तिच्या पर्समध्ये असतं. त्या पैशाला आम्ही हात लावत नाही.

याचा उपयोग झाला का? ऑगस्ट २०२३ मध्ये पोटाची पिशवी काढून आतडं जोडायचं दुसरं ऑपरेशन होतं. पेशंट तोच, पोट तेच, पेन्शन तीच. आदल्या रात्री मी सवयीनं विचारलं, “कार्ड घेतलंस? रेफरल?” ती शब्दकोडं सोडवत होती. मान वर न करता म्हणाली, “घेतलंय. तुम्ही झोपा.”

आणि मी झोपलो. पहिल्या वेळी मला तीन रात्री झोप नव्हती, या वेळी सकाळी नर्सला उठवावं लागलं. ऑपरेशननंतर आम्ही काय बोललो सांगू? लडाखच्या एका पोस्टिंगमध्ये मी तिला लिहिलेली पत्रं तिनं ठेवली आहेत, हे मला तेव्हा कळलं. पहिल्या आजारपणात हे बोलायला आमच्याकडे वेळ नव्हता, आम्ही किल्ली शोधत होतो.

माझं आजवरचं प्रत्येक स्कॅन स्वच्छ आलं आहे. पुढचं कोणाला माहीत? पण पुढची रात्र आली तर माझा अंगठा धरून फोन उघडायची वेळ तिच्यावर येणार नाही, आणि तिच्यावर रात्र आली तर माझ्यावरही येणार नाही. कारण तिच्या माहेरच्या जमिनीचे कागद, तिची औषधं, तिच्या भिशीचा हिशेब, हे मलाही ठाऊक नव्हतं. चार्ज दोन्ही बाजूंनी द्यायचा असतो.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. हे भाषण संपल्यावर घरातल्या दुसऱ्या माणसाला एवढंच विचारा: “मी उद्या आठ दिवस बोलू शकलो नाही, तर तुला कुठे अडेल?” उत्तर ऐका, मध्ये बोलू नका. जिथे अडेल म्हणतील, तिथून येत्या रविवारी सुरुवात करा. हिवाळ्याचा साठा उन्हाळ्यातच करायचा असतो.

जय हिंद.